उघडीप पडली की स्पिरुलिनाची टाकी पिवळी का पडते?

तक्रार दर पावसाळ्यात तीच. मृगाचा पाऊस लागतो, आठ-पंधरा दिवस मळभ असते आणि टाकी मात्र गडद निळसर-हिरवी, बघत राहावी अशी. मग पाऊस थांबतो, लख्ख ऊन पडते. घरातल्यांना वाटते, आता पीक धरणार. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रंग उतरतो, कडेला पांढरट फेस धरतो, वर पिवळसर साय तरंगायला लागते आणि फोन येतो, "मास्तर, टाकी परत गेली!" फोंड्याहून येतो, डिचोलीहून येतो, पेडण्याहूनही येतो. चवथीच्या आसपास तर ठरलेलाच.

फोन येईपर्यंत बहुतेकांनी काही ना काही टाकलेले असते. कोणी युरिया, कोणी खाण्याचा सोडा, कोणी दुसऱ्या बचतगटाकडून आणलेले मदर कल्चर, म्हणजे नवी टाकी लावायचे विरजण. त्यातले एखादे योगायोगाने लागू पडते आणि मग तोच उपाय गावभर होतो. पुढच्या वर्षी तो चालत नाही, कारण पिवळेपणाची कारणे निदान तीन-चार आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला मारक ठरतो.

वाळवून खाण्यासाठी आपण टाकीत वाढवतो ती स्पिरुलिना म्हणजे शास्त्रीय नावाने आर्थ्रोस्पायरा. शेवाळासारखी दिसली तरी ती सायनोबॅक्टेरिया गटातली, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारा जीवाणू आहे. ऊन, थंडी, खार, अन्नाची टंचाई यांतले काय वाढले, काय घटले हे तिला कळते आणि त्यानुसार ती स्वतःचा रंग बदलते. तेव्हा पिवळी टाकी मेलेलीच असते असे नाही. पुष्कळदा ती जिवंत राहण्यासाठीच पिवळी झालेली असते. आधी हा फरक ओळखायचा, मग डब्याला हात लावायचा.

आधी कापडातून गाळून बघा

कापणीला वापरता तेच कापड घ्या, पेलाभर पाणी त्यातून काचेच्या ग्लासात गाळा आणि ग्लास उजेडात धरा.

गाळलेले पाणी स्वच्छ किंवा किंचित पिवळसर आहे आणि कापडावरचा गोळा फिकट पोपटी आहे? मग पेशी शाबूत आहेत, फक्त त्यांनी आपले निळे रंगद्रव्य कमी केले आहे. अशी टाकी सहसा वाचते.

गाळलेले पाणी निळे आले आणि बाजूने पाहिल्यावर त्यात तांबूस झाक दिसली, तर पेशी फुटल्या आहेत. निळा रंग फायकोसायनिनचा. हे प्रथिन पाण्यात विरघळणारे आहे आणि पेशी धड असेल तोवर बाहेर येत नाही. तांबूस झाक त्याच्याच प्रतिदीप्तीची, म्हणजे उजेड शोषून ते वेगळ्या रंगात परत सोडते त्याची. फेस येतो तोही फुटलेल्या पेशींतल्या प्रथिनांचा.

गाळलेले पाणी हिरवेच राहिले, तर कापडाच्या छिद्रांतून जाण्याइतके बारीक काहीतरी टाकीत वाढते आहे, बहुतेक वेळा एकपेशीय हिरवे शेवाळ. हा तिसरा प्रकार निराळा, त्याकडे पुढे येतो.

शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर थेंबभर पाणी तिथे नेऊन बघा. मळसूत्री धागे अखंड आहेत की तुकडे झालेत, हे मुलांनाही ओळखता येते. पण कापडाची चाचणी पाच मिनिटांत होते आणि तिला खर्च नाही.

उघडीप: खरा घोटाळा इथे आहे

लोक विचारतात, एप्रिलचे ऊन यापेक्षा कडक, तेव्हा टाकी पिवळी पडत नाही. मग श्रावणातल्या दोन दिवसांच्या उन्हाने का पडावी? प्रश्न अगदी बरोबर आहे आणि उत्तर पेशीच्या आत सापडते.

प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेत, ज्याला फोटोसिस्टिम-दोन म्हणतात तिथे, डी-१ नावाचे एक प्रथिन असते. उजेडात ते सतत मोडते. हे आजारपण नव्हे, रोजचेच आहे. पेशी मोडलेले डी-१ कापून काढते आणि नवे बसवते. जपानात ओकाझाकी इथल्या नोरिओ मुराता यांच्या गटाने सायनोबॅक्टेरियांवर बरीच वर्षे काम करून दाखवले की मोडतोड जवळजवळ उजेडाच्या प्रमाणात होत राहते. थंडी, जादा खार, पेशीत साठलेले घातक ऑक्सिजन-रेणू हे ताण मोडतोड फारशी वाढवत नाहीत, ते दुरुस्ती रोखतात. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेताच्या, बांधासारखे आहे हे. भरती बांध रोजच खाते, पण बुजवणारे हात चालू असेपर्यंत शेतात खारे पाणी शिरत नाही.

आता मळभाचे पंधरा दिवस डोळ्यांसमोर आणा. उजेड कमी, म्हणून पेशी तो पकडणारी जाळी मोठी करते, म्हणजे फायकोसायनिन आणि क्लोरोफिल दोन्ही वाढवते. पावसाळ्यात टाकी सुंदर गडद दिसते ती त्यामुळे. तो गडद रंग भरघोस पिकाचा नसून अंधाराला दिलेला प्रतिसाद असतो. मोडतोड कमी, म्हणून दुरुस्तीची यंत्रणाही मंद चालवलेली. आणि मग एका सकाळी ढग सरतात. जाळी मोठी, ऊन पूर्ण, दुरुस्ती मंद. स्पिरुलिनाला पूर्ण उन्हाच्या साधारण दहा-पंधरा टक्के उजेडातच प्रकाशसंश्लेषणाची कमाल गाठता येते. त्यावरची ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, नाहीतर तीच पेशी जाळते.

ती जिरवायची सोयही आहे. ऑरेंज कॅरोटिनॉइड प्रोटीन, अभ्यासक ओसीपी म्हणतात, हे नारिंगी प्रथिन निळा-हिरवा प्रकाश जोराचा पडला की स्वतः तांबडे होते, उजेड पकडणाऱ्या जाळीला चिकटते आणि जादा ऊर्जा उष्णतेत बाहेर सोडते. वेगळा निरोप नको, हुकूम नको. प्रकाश जाणणारे आणि बचाव करणारे प्रथिन एकच. ते १९८१ मध्येच सापडले होते, पण त्याचे नेमके काम २००६ मध्ये उलगडले. मला विशेष आवडणारी गोष्ट अशी की त्याची स्फटिकरचना २००३ मध्ये प्रथम मिळाली ती आपल्याच आर्थ्रोस्पायराच्या एका जातीतून. हा बचाव क्षणा-मिनिटांत सुरू होतो. मात्र तो तात्पुरता. जाळी प्रत्यक्षात लहान करणे, डी-१ भराभर बनवणे, जादा उजेडात लागणारी छोटी संरक्षक प्रथिने तयार करणे याला तास लागतात, काहींना दिवस लागतात.

या सावकाश होणाऱ्या बदलांचे हुकूम सोडणाऱ्या यंत्रणेचा अभ्यास मुख्यतः सिनेकोसिस्टिस ६८०३ या गोड्या पाण्यातल्या भावंडावर झाला. १९९६ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवांत तो पहिला. त्यात हिस्टिडिन कायनेज प्रकारची ४७ संवेदक प्रथिने मिळाली. त्यांतले एक, हिक-३३, पेशीच्या पटलात, म्हणजे पातळ पडद्यात, बसलेले असते आणि थंडी, खार, तीव्र उजेड अशा कितीतरी ताणांत त्याचा हात दिसतो. एकच संवेदक इतक्या वेगवेगळ्या गोष्टी कशा ओळखतो? त्याला ऊन किंवा मीठ दिसत नसावे. पटल किती ताठ झाले, आतला इलेक्ट्रॉनांचा प्रवाह किती तुंबला अशा परिणामांवरून त्याला बदल कळत असावा, असे बरेच अभ्यासक मानतात. टाकीवाल्याला यातून घेण्यासारखे एवढेच: पेशीच्या लेखी ऊन "जास्त" की "बेताचे" हे थर्मामीटरवर किंवा आभाळात ठरत नाही. कालपर्यंत तिला काय सवय होती आणि आज तिची अवस्था काय आहे, यावर ठरते.

चवथीचे कोडेही यातच सुटते. सणाआधी बचतगट एकदम मोठी कापणी करतो. पैसे हवे असतात आणि पुढचे पाच-सात दिवस टाकीकडे बघायला कोणाला सवड नसते. टाकी विरळ होते. दाट टाकीत वरचे धागे खालच्यांवर सावली धरतात. विरळ टाकीत प्रत्येक धाग्यावर थेट ऊन. त्यात भाद्रपदातली उघडीप आणि घरात गणपतीवरची माटोळी बांधायची गडबड. दीड दिवसाचा गणपती पोचवून येईपर्यंत टाकी लिंबासारखी.

उघडीपीला काय करायचे

सावलीची जाळी. पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट पावसाळ्यातही काढू नका. मळभ आहे म्हणून गुंडाळून ठेवली असेल, तर आभाळ फाटताना दिसले की ताबडतोब पसरा. जाळी नसली तर चुडते विणून आडवी टाका, आजीच्या वेळचा मांडव होता तसा. पहिले दोन दिवस सकाळी नऊपासून चारपर्यंत सावली, मग रोज थोडा-थोडा वेळ कमी करत साधारण आठवड्यात नेहमीवर या. कंटाळवाणे आहे, पण पेशीला जाळी आवरायला तेवढा अवधी लागतोच.

ढवळणे वाढवा. ढवळलेल्या टाकीत धागा काही क्षण वर, मग खाली अंधारात जातो, आणि त्या खालच्या क्षणांत त्याला उसंत मिळते. शिवाय भर दुपारी साचलेला ऑक्सिजन बाहेर पडतो. वीज गेली आणि मोटर थांबली तर वेळूच्या काठीने हाताने ढवळा. ऐन उघडीपीत दुपारी वीज जाणे हे मी पाहिलेल्या टाक्यांचे सर्वांत वाईट दुखणे आहे. धागे वर येऊन चादर धरतात आणि ती चादर होरपळते.

त्या आठवड्यात कापणी नको. पांढरी तबकडी काठीला लावून पाण्यात सोडायची सवय सगळ्यांनी करावी. ती दोनेक सेंटीमीटरवर दिसेनाशी होते तेव्हा कापणी करा आणि चार-पाच सेंटीमीटरपर्यंत दिसायला लागली की थांबा. चवथ असो वा शिगमो, त्यापुढे जाऊ नका.

टाकी आधीच पिवळी झाली असेल आणि गाळलेले पाणी स्वच्छ असेल, तर पूर्ण सावली करा, फेस काढून टाका आणि दोन दिवस काहीही घालू नका. हे "काहीही घालू नका" पाळणे सर्वांत अवघड, मला ठाऊक आहे.

पाऊस थेट टाकीत पडत असेल तर

इथे हिशेबच बोलतो. टाकी २० सेंटीमीटर खोल आहे असे धरा. पावसाळ्यात गोव्यात एका दिवसात १०० मिलीमीटर पाऊस पडणे नवलाचे नाही. म्हणजे १० सेंटीमीटर पाणी वर चढले. सगळे क्षार दोन-तृतीयांशावर आले आणि टाकी भरून वाहिली असेल तर खारासोबत पीकही गेले.

स्पिरुलिना निसर्गात सोडायुक्त खारट तळ्यांत राहते. बाहेरच्या खाराला तोलून धरायला ती पेशीत ग्लुकोसिलग्लिसरॉल आणि ट्रेहलोज ही गोडसर संयुगे साठवते. बाहेरचे पाणी अचानक पातळ झाले की पाणी पेशीत घुसते, पेशी फुगते आणि दाब उतरवायला तिला साठा बाहेर टाकावा लागतो. जमले नाही तर फुटते. मोठ्या सरीनंतर दुसऱ्या दिवशी गाळलेले पाणी निळे आले, तर कारण शोधायला लांब जाऊ नका, छपराकडे बघा. पागोळ्यांचे पाणी येत असेल तर त्यात कौलांवरची शेवाळ आणि पक्ष्यांची घाणही आली.

आता लोक करतात ती गल्लत. पीएच उतरला म्हणून खाण्याचा सोडा ओततात. खाण्याच्या सोड्याच्या ताज्या द्रावणाचा पीएच सुमारे ८.३ असतो. टाकी ९.५ वर असेल तर हा सोडा पीएच वाढवत नाही, उलट खाली ओढतो! टाकीचा पीएच वर जातो तो स्पिरुलिना त्यातला कार्बन खाते म्हणून. पीएच ९ च्या खाली राहिला की हिरव्या शेवाळाला रान मोकळे मिळते, पाठोपाठ ते खाणारे रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव आणि डासांच्या अळ्या. तो वर सांगितलेला तिसरा प्रकार, कापडातून हिरवे पाणी येणे, बहुधा असाच सुरू होतो.

तेव्हा क्षार कमी झाले असतील तर भरपाई करा, पण हप्त्याहप्त्याने, तीन-चार दिवसांत. झारूक यांच्या १९६६ च्या मूळ कृतीत लिटरला १६.८ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट, २.५ ग्रॅम सोडियम नायट्रेट आणि १ ग्रॅम मीठ आहे. घरगुती टाक्या याच्या निम्म्या सोड्यावरही चालतात. तुमची टाकी ज्या प्रमाणावर चालत होती, तिथवर परत न्यायची. पीएच खरोखरच चढवायचा असेल तर थोडा धुण्याचा सोडा, वेगळा विरघळवून, संध्याकाळी. सकाळी नको, कारण खाराचा झटका आणि ऊन एकाच वेळी आले तर दुरुस्ती पुन्हा रोखली जाते. आणि छपराला पन्हळ लावा, टाकीवर पारदर्शक प्लास्टिकचा उतार करा. याला पर्याय मला माहीत नाही.

नत्र संपले तर, आणि युरियाचे संकट

उघडीपही नाही, पाऊसही नाही, तरी टाकी हळूहळू, सात-आठ दिवसांत, सगळीकडे सारखी पोपटी-पिवळी होत जाते. फेस नाही, वास नाही, पाणी गाळून स्वच्छ येते. ही नत्राची भूक.

फायकोसायनिन हे पेशीतल्या विद्राव्य प्रथिनांचा मोठा वाटा असते, भरल्या टाकीत निम्म्याच्या आसपासही. प्रथिन म्हणजे नत्राची साठवण. बाहेरचे नत्र संपले की पेशी एनबीएल-ए नावाचे छोटे प्रथिन बनवते, ते रंगद्रव्याच्या जाळीला चिकटते, जाळी सुटी होऊन कापली जाते आणि तिचे नत्र इतर कामांना लागते. पण नत्र संपले हे पेशीला कळते कसे, ते जास्त रंजक आहे. ती नत्र मोजत नाही. कार्बनपासून बनलेले २-ऑक्सोग्लुटारेट हे संयुग नत्राशी जोडले जाण्याची वाट बघत असते. जोडीदार मिळेना की ते साचते. पी-दोन आणि एनटीसी-ए ही प्रथिने त्या साचलेल्या संयुगाला धरून पुढचे हुकूम सोडतात. म्हणजे पेशी उणीव मोजते ती उरलेल्या शिलकीवरून. म्हणूनच तेवढ्याच नत्रावर मळभात टाकी हिरवी राहते आणि ऊन वाढले, कार्बन भराभर येऊ लागला की पिवळी पडते. उघडीप आणि नत्राची भूक यांची सरमिसळ होते ती इथे.

वेगळे करायला बाटल्यांची चाचणी करा. काचेच्या स्वच्छ बाटल्यांत टाकीचे पाणी भरा. एक तशीच सावलीत, दुसरी सावलीतच पण लिटरला चिमूटभर सोडियम नायट्रेट किंवा सोरा घालून, तिसरी तशीच उन्हात. दोन-तीन दिवसांनी दुसरीत निळसर रंग परतला आणि पहिलीत नाही, तर नत्र कमी. पहिल्या दोन्ही सुधारल्या आणि उन्हातली तिसरी नाही, तर उन्हाचा मार. सिनेकोसिस्टिसमध्ये पूर्ण पिवळ्या पडलेल्या पेशी नायट्रेट मिळाल्यावर आधी साठवलेले ग्लायकोजेन जाळून आपले यंत्र पुन्हा उभे करतात आणि साधारण दोन दिवसांत हिरव्या होतात, हे जर्मनीतल्या ट्युबिंगनच्या गटाने तपशीलात दाखवले आहे. तेव्हा चोवीस तासांत निकाल हवा म्हणून बाटली हलवत बसू नका.

युरियाविषयी माझे मत कडक आहे. तो स्वस्त आहे, बागायतदाराच्या घरी असतोच, त्याने टाकी हिरवी होतेही. पण पाण्यात त्याचा अमोनिया होतो. पीएच ९.२५ च्या वर गेला की अमोनियमपेक्षा मुक्त अमोनियाचे प्रमाण जास्त, आणि तो पटलातून सरळ आत जातो. सायनोबॅक्टेरियांत अमोनिया नेमका फोटोसिस्टिम-दोनवर घाव घालतो आणि उजेडात हा घाव वाढतो. उन्हाने आधीच दुखावलेल्या टाकीला युरिया म्हणजे जळल्यावर तेल. टाकी पिवळी असताना युरिया नाहीच. एरवी वापरायचा तर अगदी थोडा, रोज, संध्याकाळी, आणि नाकाला अमोनियाचा वास आला की बंद.

पावसाळ्याबाहेरच्या पिवळ्या टाक्या

डिसेंबर-जानेवारीत सत्तरी, धारबांदोडा या बाजूला पहाटे पाणी चांगलेच गार होते. नऊला स्वच्छ ऊन पडते आणि पाणी अजून थंड. गारव्यात पटल ताठ, दुरुस्ती मंद, ऊन मात्र पूर्ण: उघडीपीचेच भावंड. इस्रायलमधले आविगाद वोनशाक यांनी उघड्यावरच्या स्पिरुलिनात सकाळच्या या नुकसानीचा अभ्यास केला आहे. दुपारी टाकी ठीक दिसते म्हणून कारण लक्षात येत नाही, उत्पन्न तेवढे घटते. पाणी २०-२२ अंशांवर चढेपर्यंत जाळी ठेवा आणि रात्री प्लास्टिकने झाका.

मेमध्ये उलटे. हवा ३३-३४ अंश असली तरी प्लास्टिकखालची उथळ टाकी ४० ओलांडते. पेशी उष्णतेत प्रथिने सांभाळणारी ग्रोईएलसारखी प्रथिने बनवते, पण रोजचे ४० तिला झेपत नाहीत. बाजू उघड्या करा, पाण्याची उंची वाढवा.

लोह हा डिचोली-सांगेकडचा खास गैरसमज आहे. विहिरीचे पाणी तांबूस, म्हणून लोह भरपूर असे समजतात. तो गंज असतो आणि अल्कधर्मी पाण्यात तो विरघळत नाही, तळाशी बसतो. पेशी उपाशीच. लोह कमी पडले की ती लोहाचे फेरेडॉक्सिन सोडून बिनलोहाचे फ्लेव्होडॉक्सिन वापरायला लागते आणि क्लोरोफिलही बेताने करते. नायट्रेट घालूनही रंग न येणारी, रेंगाळलेली फिकट टाकी असेल तर हिराकस (फेरस सल्फेट) लिंबाच्या रसात विरघळवून थोडा-थोडा द्या. लिंबाचे आम्ल लोहाला धरून ठेवते. आगळ चालेल का, असे कोणीतरी विचारले होते. नको, आगळात मीठ असते, रंग असतो, आणि तो सोलकढीला लागतो.

टाकी केव्हा ओतून द्यायची

गाळलेले पाणी निळे, वास कुजका, धागे सूक्ष्मदर्शकाखाली तुकडे-तुकडे: वाचवायला जाऊ नका. त्यातले पीक वाळवून पुडीत भरू तर मुळीच नका, घरच्यांसाठीही नाही. फुटलेल्या टाकीत इतर जीवाणू वाढतात आणि कापडातून हिरवे येणाऱ्या टाकीत विषारी मायक्रोसिस्टिस नसेल याची खात्री नुसत्या डोळ्यांनी देता येत नाही. ते पाणी विहिरीच्या किंवा पोयीच्या दिशेने सोडू नका. सोडा आणि क्षार भरपूर असतात. झाडांनाही एका जागी ओतू नका, भरपूर साधे पाणी मिसळून माडांच्या आळ्यांत पसरून द्या. टाकी घासून, वाळवून मग नवे पाणी भरा.

मदर कल्चर दोन ठिकाणी ठेवा, एक आपल्या पडवीत, एक शेजारच्या वाड्यावर. पडवीतले कल्चर सावलीत वाढलेले असते हे विसरू नका: ते नव्या टाकीत घालाल तेव्हा टाकीवर पहिल्या दिवसापासून जाळी हवी, आणि पाण्याची उंची आधी निम्मी ठेवून टाकी दाट होईल तसतशी वाढवायची.